पिशाच्चावर प्रेम करणाऱ्या मुली

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात काउंटरवर मागणीवही असते. सुतळीला बांधलेलं पेन, तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव. पानंच्या पानं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी भरलेली. मधूनच कुणी केळीवरच्या करप्याबद्दल काही आहे का विचारतं, कुणी मधुमेहाबद्दल. मागच्या पावसाळ्यात एका पानावर निळ्या शाईत एकाखाली एक पाच नावं आली. पाचही एकाच घराण्यातली : शहर, रात्र, पिशाच्च नाहीतर लांडगा होणारा पुरुष, आणि त्याच्यात जीव अडकलेली मुलगी. शेवटच्या नावापुढे लिहिलं होतं, 'दुसराच भाग आणावा. पहिला मोबाईलवर वाचून झाला आहे.'

पुस्तक निवड समितीत मी एकटी बाई. बाकीचे चौघे सज्जन आहेत, वाचणारे आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ना धड भूतकथा, ना धड प्रेमकथा. सरकारी अनुदान काय असल्या खिचडीसाठी येतं का, ताई?" 1967च्या ग्रंथालय कायद्यात कुठली पुस्तकं घ्यावीत हे काही लिहिलेलं नाही, असं मी म्हणणार तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. घरी येताना मला दोन गोष्टी टोचत राहिल्या. एक, खानदेशात राहून खिचडीला नावं ठेवणं. इथे ते अर्ध्या घरांचं रात्रीचं जेवण आहे. दुसरी, ते 'ना धड'.

या प्रकाराला इंग्रजीत अर्बन फँटसी म्हणतात. अद्भुत घडतं ते सात समुद्रांपलीकडच्या राज्यात नाही, तर विजेचे खांब, पोलीस चौकी आणि भाड्याच्या खोल्या असलेल्या गावात. अमेरिका-कॅनडात 1980च्या दशकात याला आकार आला. एमा बुल यांची 1987ची कादंबरी त्यातली एक सुरुवातीची. मिनियापोलिस शहरात बँडमध्ये गाणारी मुलगी परीलोकाच्या दोन टोळ्यांच्या लढाईत ओढली जाते, आणि तिच्या राखणीला नेमलेला, कुत्र्याचं रूप घेणारा एक जण तिच्या प्रेमात पडतो. म्हणजे प्रेम मागाहून येऊन बसलेलं नाही, पहिल्या पंगतीतलं आहे. 1993मध्ये लॉरेल हॅमिल्टन यांची मालिका सुरू झाली. तिची नायिका सेंट लुईस शहरात मुडदे उठवायचा धंदा करते आणि परवाना घेऊन पिशाच्चं मारते. सुरुवातीचे भाग सरळ तपासकथा होत्या. पुढे प्रेम आणि शरीर यांनी जागा व्यापली, तसे जुने वाचक खवळले. बाजारानं मग मधे रेघ ओढली : इकडे अर्बन फँटसी, तिकडे पॅरानॉर्मल रोमान्स. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच अटींची आहे : कथेच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. त्यावरून प्रकाशक आणि वाचक एक कसोटी लावतात. प्रेम काढून घ्या. कथा उभी राहिली तर फँटसी, कोसळली तर रोमान्स.

ही कसोटी मला कधी पटली नाही. भरितातून मिरची काढली तरी भरीत उभं राहतंच, फक्त जळगावात ते कुणी खाणार नाही. शिवाय ती लावतानाही हात सारखा राहत नाही. 2000 साली सुरू झालेल्या शिकागोच्या जादूगार-डिटेक्टिव्हच्या मालिकेत नायकाची प्रेमप्रकरणं काही थोडी नाहीत. ती पुरुषानं पुरुषाबद्दल लिहिलेली आहे, म्हणून तिला 'प्रेमकथा' म्हणून बाजूच्या फळीवर सरकवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हे 'ना धड' म्हणू नये. आपल्या कादंबरीची वंशावळ 1857च्या यमुनापर्यटनापासून मांडतात, पण त्यानंतर लगेच 1861ला मुक्तामाला आणि 1868ला मंजुघोषा आली, आणि पुढची काही वर्षं वाचकांनी त्याच वाटेच्या कादंबऱ्यांवर काढली. त्यांना आपण काय म्हणतो? अद्भुतरम्य. इंग्रजी रोमान्सला आपल्या समीक्षेनं दिलेला प्रतिशब्दही तोच. अद्भुत आणि रम्य एकाच शब्दात, मधे जोडरेघसुद्धा नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांचा वास्तववाद आला, त्यानं फार मोठं काम केलं, विधवांचं दुःख घराघरात नेलं. पण त्या धामधुमीत अद्भुत मुलांच्या पुस्तकांत गेलं, रम्य मासिकांत गेलं आणि भूत दिवाळी अंकात. जे एका घरात नांदत होतं त्याच्या वाटण्या झाल्या. आता ती भावंडं पुन्हा एका चुलीवर आली, तर आम्ही त्यांना ओळख विचारतो.

पण माझा खरा मुद्दा वंशावळीचा नाही, रात्रीचा आहे.

माझी भाची जळगावला फार्मसी शिकते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी येते, दीड-दोन तास मान मोबाईलमध्ये. एकदा विचारलं, एवढं काय असतं गं त्यात? मला वाटलं होतं, हिरोबद्दल काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "मावशी, ती रात्री दोनला रस्त्यावर असते. आणि कोणी तिच्या पप्पांना फोन नाही करत."

त्या पिशाच्चांपेक्षा, जादूटोण्यापेक्षा मोठी कल्पनेची झेप ही आहे. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिवेलागणीनंतर मुलगी एकटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, तरी ती परत यायच्या आधी बातमी घरी पोचलेली असते. चार्लेन हॅरिस यांच्या 2001पासूनच्या मालिकेतली नायिका लुइझियानातल्या बारक्या गावात हॉटेलात वेटरचं काम करते आणि तिला इतरांच्या मनातलं ऐकू येतं, इच्छा असो नसो. गिऱ्हाईक काय विचार करतंय, शेजारीण काय म्हणतेय, सगळं. पिशाच्चाचं मन मात्र तिला ऐकू येत नाही. त्याच्याजवळ शांतता आहे, आणि त्या शांततेकडेच ती ओढली जाते. हे वाचताना मला आमची गल्ली आठवली. आमच्याकडे मन वाचायची विद्या लागत नाही. ओट्यावर बसलं की सगळ्यांच्या मनातलं सगळ्यांना ऐकू येतं. अशा ठिकाणी ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, ज्याचं गाव, कूळ, शेती किती, भाऊ किती हे कुणी सांगू शकत नाही, असा माणूस आवडणं यात वेडेपणा कसला? आमच्याकडे प्रत्येक समाजाचे वधूवर मेळावे होतात, जाडजूड सूच्या निघतात, फोटोखाली उंची आणि अपेक्षा छापतात. पिशाच्च कुठल्याच सूचीत नसतं. ते अगदी शब्दशः परजातीचं असतं. एकवीस वर्षांची मुलगी ते वाचताना काय वाचत असते हे न कळण्याइतके आमचे ज्येष्ठ भाबडे नाहीत. कळतं, म्हणूनच अनुदान आठवतं.

आपल्याकडे बायकांना रात्र अजिबात मिळत नव्हती असं नाही. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा रविवारची रात्र जागवायची, गाणी म्हणायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसते आणि पोरी महिनाभर संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्या घेतात, खिरापत ओळखतात, सासरच्यांची यथेच्छ टिंगल करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर. पण या सगळ्या परवानगीच्या रात्री, देवीच्या नावानं काढलेल्या रजा. दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झालं की रजा संपली.

यापेक्षा जुनी एक गोष्ट पाहा. लाक्षागृहातून सुटलेले पांडव रानात झोपलेत, भीम पहाऱ्यावर. हिडिंब राक्षसानं त्यांना मारायला आपल्या बहिणीला पाठवलं. तिनं भीमाला पाहिलं, मनात भरला, सुंदर स्त्रीचं रूप घेतलं आणि भावाचा बेत त्याला सांगून टाकला. भाऊ मेला. मग तिनं कुंतीपुढे पदर पसरला, म्हणजे होणाऱ्या सासूकडे अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तो अटींवर. दिवसभर भीम तुझा, सूर्य मावळला की परत आणून सोडायचा. आणि मूल होईपर्यंतच. घटोत्कच झाला, करार संपला, ती निघून गेली. पांडव पुढे एकचक्रा नगरीत आले. आमच्याकडे त्या नगरीला एरंडोल म्हणतात, पांडववाडा दाखवतात आणि बकासुराला पद्मालयाजवळ मारलं असं सांगतात. या प्रेमकथेतली मला न विसरता येणारी गोष्ट म्हणजे ती वेळेची अट. परदेशी पिशाच्च फक्त रात्री भेटतं. हिडिंबेला फक्त दिवस मिळाला. रात्र कुटुंबानं स्वतःकडे ठेवली.

दुसरी गोष्ट तर आमच्या नदीचीच. तापी ही सूर्याची मुलगी तपती. महाभारतात एक गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' अशी हाक मारतो, अर्जुन विचारतो का, आणि मग तो सांगतो : संवरण राजानं तिला डोंगरावर पाहिलं आणि भान हरपून पडला. पुढे लग्न झालं, आणि राजा बारा वर्षं तिच्याबरोबर तिथेच रमला. तिकडे त्याच्या राज्यात बारा वर्षं पाऊस पडला नाही. लोक उपासमारीनं गाव सोडून गेले. राजा-राणी परतल्यावर पाऊस आला आणि त्यांच्या पोटी कुरू झाला, म्हणजे कौरव-पांडवांचा मूळपुरुष. लंडनच्या नद्यांना चालत्या-बोलत्या बाया करणारी आणि पोलीस शिपायाला त्यांतल्या एका उपनदीच्या प्रेमात पाडणारी इंग्रजी मालिका 2011पासून गाजतेय, ती मला आवडते. पण गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर एवढ्या बहिणी-भाच्या असलेल्या नदीच्या काठी बसून आम्ही त्या कल्पनेचं कौतुक करतो, तेव्हा मला थोडं हसू येतं.

तपतीच्या कथेत जे आहे तेच मोबाईलवरच्या मराठी कथांमध्ये मला सापडत नाही : प्रेमाची किंमत. ती कुणीतरी, कुठेतरी मोजतं. इथे बारा वर्षं प्रजेनं मोजली, आणि दुष्काळ म्हणजे काय हे आम्हाला तळटिपेत सांगावं लागत नाही. मी नेटानं बऱ्याच क्रमशः कथा वाचल्या. नायक दोनशे वर्षांचा, अब्जाधीश, मुंबईत तिसाव्या मजल्यावर राहणारा. त्याला भूक नाही, कुळाचार नाही, तहान लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पिशाच्च असण्याचा त्याला उपयोग एवढाच की म्हातारा होत नाही आणि नोकरी करावी लागत नाही. वर तो नायिका झोपलेली असताना खिडकीतून तिच्याकडे बघत बसतो, तिचा फोन तपासतो, 'तू फक्त माझी' म्हणतो, आणि खाली शंभर बदाम पडतात. कॉलेजच्या फाटकासमोर गाडी लावून रोज ताटकळणारा, नकार ऐकू न येणारा पोरगा जिनं पाहिलाय तिला हे अद्भुत वाटू नये. समितीनं हरकत घ्यायचीच तर इथे घ्यावी. खिचडीला नको, तिच्यात पडलेल्या खड्याला घ्यावी. रात्र मिळवून देणारी गोष्ट मधेच मुलीच्या हातून रात्र काढून त्या नायकाच्या हातात देते, हा तिचा दोष आहे, आणि तो इंग्रजीतूनच जसाच्या तसा उचललेला आहे.

खरं तर अमर पुरुष हवाच असेल तर तो आमच्याकडे आधीच राहतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीपासून, हजारो आदिवासी तरुण पायी त्याच्या यात्रेला निघतात. तो अश्वत्थामा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन सातपुड्यात फिरतो, जखमेला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. कल्पना करा, तो डोंगर उतरून भुसावळ जंक्शनला आलाय. रात्रभर गाड्या, रात्रभर माणसं, कुणी कुणाकडे बघत नाही. जखमी अमर माणसाला लपायला याहून चांगली जागा नाही. कपाळाला फडकं. रेल्वेच्या दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्सजवळ तो येतो. "तेल शे का, बाई?"

इथपर्यंत कुणीही लिहील. पुढे अवघड आहे. कारण हा माणूस कोण आहे? यानं रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारलं. द्रौपदीची पाच मुलं मारली. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं. ती जखम त्याचीच किंमत आहे. नर्सला हे कळल्यावर तिनं काय करायचं? 'माझ्या प्रेमानं तो बदलेल' हा या कथांचा ठरलेला मंत्र इथे चालत नाही, कारण ती जखम भरून आली की तो अश्वत्थामा उरतच नाही. तिला रोज तेल लावता येईल, बरं करता येणार नाही, आणि क्षमा करायचा अधिकार तर तिच्याकडे नाहीच, तो द्रौपदीकडे होता. अशी कथा प्रेमाशिवाय लिहून दाखवा बरं. प्रेम काढलं की उरेल ती स्टेशनवर दिसलेल्या एका भुताची बातमी. प्रेम असलं तरच तो प्रश्न उभा राहतो.

आता माझ्याच गळ्यात अडकणारी गोष्ट. या साहित्याची दुसरी लाडकी पात्रं म्हणजे चेटकिणी. तिकडच्या कादंबऱ्यांत मुलगी अभिमानानं सांगते, मी चेटकीण आहे. अस्तंब्याच्याच त्या डोंगराळ भागात बाईला डाकीण म्हणण्याचा अर्थ वेगळा आहे. पोराला ताप येतो, बैल मरतो, भगत बोट दाखवतो, आणि बोट बहुतेक वेळा एकट्या, विधवा, जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या बाईकडे वळतं. मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कार्यकर्ते वर्षानुवर्षं पाड्या-पाड्यांवर फिरलेत, तरी तो शब्द अजून मेलेला नाही. अशा जिल्ह्याच्या शेजारी बसून 'सेक्सी डाकीण' लिहायची?

आणि यात एक जुनी दुटप्पी चाल दिसते. पिशाच्च पुरुष असलं की त्याला समजून घेणारी कुणीतरी भेटते. बाई असली की ती हडळ, जखीण. तिच्यासाठी लिंबू, बिब्बा, खिळे आणि मांत्रिक. आपल्या भूतकथांतला नायक तिच्यापासून पळून वाचतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. तेव्हा डाकिणीला नाव, भूक, राग, प्रियकर देणारी कथा हवी असं मला एका मनानं वाटतं. दुसरं मन म्हणतं, तिची शक्ती खरी आहे असं जी कथा मानते ती भगताचीच साक्ष देते. मी या दोन मनांत बरेच दिवस हेलपाटे घातले. शेवटी ठरवलं की डाकिणीची विद्या खरी धरणारं पुस्तक मी वाचनालयासाठी सुचवणार नाही, कितीही चांगलं लिहिलेलं असो. मग अश्वत्थामा कसा चालतो, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे : तू अश्वत्थामा आहेस या संशयावरून आजवर कुणाला झाडाला बांधून मारलेलं नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं बोलले नाही. एवढंच म्हणाले की पाचातली दोन नकोत, कारण त्यांतला नायक गुंड आहे. तीन घ्या, आणि त्यांची फळी वेगळी करू नका, कादंबऱ्यांतच ठेवा. ज्येष्ठांनी किंमत विचारली, चष्मा काढला, सही केली. 'ना धड' पुन्हा म्हणाले नाहीत. अहिराणीत असलं काही कुणी लिहिलंय का, असं मात्र त्यांनी विचारलं, आणि ते मला आवडलं.

मी ही भुसावळची कल्पना भाचीला सांगितली होती. तिनं ती सरळ उचलली, मला न विचारता. आता रोज रात्री एक भाग लिहिते. परवा साडेअकराला तिचा फोन आला : "मावशी, तो तेल मागतो ना, तर स्टेशनवर रात्री दोनला तेल मिळतं कुठे? कुठलं दुकान उघडं असतं?"

मला माहीत नाही म्हणाले. रात्री दोनला मी तिथे एकटी कधी गेलेलेच नाही.